दाह आणि जनुकं: प्रतिकारपेशींच्या आत काय चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संधिवात, सोरायसिस, क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह), सेप्सिस (संसर्गामुळे सगळ्या शरीरात ताबा सुटलेला प्रतिसाद), कोविडची गंभीर अवस्था. या आजारांचा अभ्यास करताना एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो: धोक्याचा निरोप मिळाल्यावर प्रतिकारपेशी कोणती जनुकं चालू करते, किती वेळ चालू ठेवते आणि बंद कशी करते? बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेल्याला कळेल अशा बेतानं इथे उत्तरं दिली आहेत. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक विचारतात ते व्यवहारातले प्रश्न उत्तरार्धात आहेत.

दाह म्हणजे सूज आणि लाली. त्यात जनुकांचा संबंध कुठे आला?

काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि श्वेतपेशी रक्तातून बाहेर येऊन तिथे जमतात. हे घडवणारे पदार्थ म्हणजे टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि श्वेतपेशींना बोलावून घेणारी केमोकाइन्स. यांतलं बहुतेक सामान पेशीत तयार पडून नसतं. मास्ट पेशी या ऊतींतल्या प्रतिकारपेशीतलं हिस्टमिन साठ्यातून सुटतं, म्हणून गांधीलमाशी चावल्यावर गांध काही मिनिटांत उठते. बाकीच्यांसाठी आधी जनुक वाचलं जावं लागतं, त्याची आरएनए प्रत निघावी लागते आणि तिच्यावरून प्रथिन बनावं लागतं.

माणसाच्या पेशीत प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी श्वेतपेशी, जिवाणूच्या संपर्कात आली की त्यांतल्या शेकडो जनुकांचं काम पुढच्या काही तासांत बदलतं. काहींचं काम शेकडो पटींनी वाढतं, काहींचं मंदावतं.

पेशीला जंतू आल्याचं कळतं कसं?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये एक तर्क मांडला होता. जंतूंच्या अंगावर असे काही रेणू असतात की ते आपल्या शरीरात कधीच बनत नाहीत. ते ओळखणारे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं, आपल्या पेशींवर जन्मापासून असले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पुरावा हळूहळू आला. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की फळमाशीतलं 'टोल' नावाचं जनुक बिघडलं तर माशी बुरशीच्या संसर्गानं मरते. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं उंदरांचं एक जुनं कोडं सोडवलं.

हे कोडं मुळातून वाचण्यासारखं आहे. सी३एच/एचईजे या जातीच्या उंदरांना एलपीएस टोचलं, तर इतर उंदीर मरतील अशा मात्रेतही त्यांना काही होत नसे. एलपीएस म्हणजे ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला मेदयुक्त पदार्थ. कारण निघालं टीएलआर४ या ग्राहीत: एका जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, एवढ्याच बदलानं तो ग्राही बहिरा झाला होता. मग हे उंदीर जास्त सुरक्षित का? तर उलट. साल्मोनेलाच्या थोड्याशा जिवंत जिवाणूंनीही ते दगावत. ज्याला धोका ऐकूच येत नाही त्याला दाहाचा त्रास होत नाही, पण संसर्ग मात्र त्याला गाठतोच. दाह पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यांना हे उदाहरण मी नेहमी देतो. ब्यूटलर आणि हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं, तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन.

ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर आणि जनुकं आत केंद्रकात. निरोप आत पोचतो कसा?

या कामाचा सर्वांत प्रसिद्ध निरोप्या आहे एनएफ-कॅपा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना तो १९८६ मध्ये सापडला, तोही दाहाच्या शोधात नव्हे. ते बी-पेशींमधल्या प्रतिपिंडाच्या कॅपा साखळीचं जनुक अभ्यासत होते आणि हे नाव तिथूनच चिकटलं. हे प्रथिन फक्त बी-पेशींत असावं असं आधी वाटलं. पण त्याच वर्षी दिसलं की इतर पेशींतही ते असतंच, फक्त झोपलेलं. योग्य चिथावणी दिली की नवं प्रथिन न बनवताही जागं होतं.

झोपवून ठेवणारं प्रथिन म्हणजे आय-कॅपा-बी. ते एनएफ-कॅपा-बीला धरून केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतं. टीएलआर४ ला एलपीएस भेटलं की आतल्या प्रथिनांची साखळी चालू होते आणि शेवटी आयकेके नावाचं एन्झाइम आय-कॅपा-बीवर फॉस्फेट चिकटवतं. त्या खुणेमुळे त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची माळ चढते आणि प्रोटिआझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि डीएनएवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर बसतं. हे सगळं पाऊण तासाच्या आत. प्रथिन आधीच बनवून ठेवलेलं असल्यामुळेच इतकी घाई जमते.

एनएफ-कॅपा-बी हे एकच प्रथिन नाही, पाच भावंडांच्या जोड्यांचं कुटुंब आहे. त्याच्या सोबतीला एपी-१ आणि आयआरएफ ही प्रथिनंही उठतात. तो तपशील इथे सोडून देतो.

मग सगळी जनुकं एकदम चालू होतात का?

नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, प्रत्येक रिळावर सुमारे १४७ अक्षरं. जनुकाचा आरंभ घट्ट गुंडाळीत दडला असेल, तर एनएफ-कॅपा-बी दाराशी येऊनही उपयोग नाही.

टीएनएफसारखी काही जनुकं मात्र दुकानाचं शटर अर्धं वर करून ठेवावं तशी असतात. त्यांच्या आरंभाजवळची गुंडाळी आधीच सैल असते, आरएनए बनवणारं एन्झाइम जनुकावर येऊन थबकलेलं असतं आणि फक्त 'पुढे हो' एवढाच इशारा बाकी असतो. म्हणून टीएनएफचा आरएनए तासाभरात शिखर गाठतो. इंटरल्यूकिन-१२ च्या एका भागाचं जनुक याच्या उलट. तिथे आधी एसडब्ल्यूआय/एसएनएफ नावाच्या यंत्रणेनं रिळं सरकवावी लागतात, हिस्टोनांवर ॲसिटिल गट चढावे लागतात, कधी पहिल्या लाटेत बनलेली प्रथिनं मदतीला यावी लागतात. त्यामुळे ही जनुकं काही तास मागे राहतात.

या उशिराचा फायदाही आहे. चुकून आलेला, लगेच विरणारा निरोप पहिली लाट उठवतो, पण दुसऱ्या लाटेपर्यंत पोचत नाही. महागडी आणि घातक शस्त्रं बाहेर काढण्याआधी पेशी धोका खरा आहे की नाही याची खात्री करून घेते असं म्हणता येईल. पेशी विचार करते असं मात्र समजू नका. रिळं सरकायला वेळ लागतो, त्या वेळेनंच हे गाळण होतं.

एकच निरोप मॅक्रोफेज आणि त्वचेच्या पेशीला मिळाला तर दोघी सारखंच वागतात का?

एनएफ-कॅपा-बी दोघींतही जागं होतं, पण चालू होणारी जनुकं बऱ्याच अंशी वेगळी असतात. मॅक्रोफेजच्या जडणघडणीच्या काळातच पीयू.१ हे प्रथिन हजारो ठिकाणी बसून तिथला डीएनए उघडून ठेवतं. नंतर आलेला दाहाचा निरोप मुख्यतः या मोकळ्या जागांवर उतरतो. त्वचेच्या पेशीत पीयू.१ नसतं, तिच्या मोकळ्या जागा निराळ्या. थोडक्यात, काय घडणार हे निरोपाइतकंच पेशीच्या पूर्वायुष्यावर ठरतं.

इंटरफेरॉनचा रस्ताही हाच का?

वेगळा, आणि आखूड. विषाणू शिरलेल्या पेशी शेजाऱ्यांना सावध करणारा पदार्थ सोडतात, हे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये दाखवलं. त्याचा ग्राही आतल्या बाजूला जॅक नावाच्या एन्झाइमला बांधलेला असतो. जॅक जागं झालं की स्टॅट प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, स्टॅट जोडीनं केंद्रकात जातं आणि विषाणूविरोधी शेकडो जनुकं चालू करतं. चार जॅक आणि सात स्टॅट यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून इंटरल्यूकिन-६ सह अनेक सायटोकाइनांचे (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांचे) निरोप जातात. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या प्रश्नात लागेल.

सुरू झालेला दाह थांबतो कसा?

पाठ्यपुस्तकांत सुरुवातीवर पानंच्या पानं असतात आणि थांबण्यावर परिच्छेद. प्रत्यक्षात रोगांचा उगम बहुतेक वेळा थांबण्यातल्या बिघाडात सापडतो.

पहिला ब्रेक एनएफ-कॅपा-बी स्वतःच लावतं. ते ज्या जनुकांना सर्वांत आधी चालू करतं त्यांत आय-कॅपा-बीचं जनुक असतं. नव्यानं बनलेलं आय-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि एनएफ-कॅपा-बीला डीएनएवरून ओढून बाहेर आणतं. बाहेर निरोप अजून चालू असेल तर आय-कॅपा-बी पुन्हा तुटतं आणि एनएफ-कॅपा-बी पुन्हा आत जातं. टीएनएफ देत राहिल्यावर प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ही ये-जा साधारण १०० मिनिटांच्या लयीत चालते, हे २००४ मध्ये जिवंत पेशींच्या चित्रणातून दिसलं.

दुसरा ब्रेक आरएनएवर. टीएनएफच्या आरएनए प्रतीच्या शेपटीला ए आणि यू या अक्षरांची दाटी असते. टीटीपी नावाचं प्रथिन ती शेपटी ओळखून प्रतीचा नाश घडवतं. १९९६ मध्ये टीटीपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते जन्मतः ठीक होते, पण पुढे खंगले आणि त्यांचे सांधे सुजले. जनुक किती वेळा वाचलं जातं यावरच नजर ठेवणाऱ्यांसाठी हा धडा होता: प्रत किती वेळ टिकते हेही तितकंच निर्णायक.

तिसरा ब्रेक ए२०. हे प्रथिन युबिक्विटिनच्या माळा छाटून निरोपाची साखळी मध्येच तोडते. माणसात त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असली की लहानपणापासून ताप, तोंडात आणि जननेंद्रियांवर छाले असा आजार होतो; त्याचं वर्णन २०१६ मध्ये झालं.

चौथा इंटरल्यूकिन-१०, तोही दाहाच्याच ओघात बनतो आणि स्टॅट३ मार्फत मॅक्रोफेजला शांत करतो. ज्या बाळांत त्याचा ग्राही सदोष असतो त्यांना पहिल्या काही महिन्यांतच आतड्याचा तीव्र दाह होतो. आतड्यात अब्जावधी जिवाणू शेजारी असताना गप्प बसणं हे सक्रिय काम आहे, हे या बाळांमुळे कळलं.

एकदा होऊन गेलेला दाह पेशीच्या लक्षात राहतो का?

राहतो, आणि दोन उलट रीतींनी.

मॅक्रोफेजला एलपीएस दोनदा दिलं तर दुसऱ्या वेळी ती थंड प्रतिसाद देते. ती फक्त दमली असेल असं मानलं जाई. २००७ मध्ये मेदझितोव यांच्या गटानं दाखवलं की थंड पडतात ती दाह वाढवणारी जनुकं. जंतू मारणाऱ्या प्रथिनांची जनुकं दुसऱ्या वेळीही चालू होतात, काही तर जास्त जोमानं. फरक जनुकाजनुकाच्या हिस्टोनांवरच्या खुणांत होता. सेप्सिसमधून वाचलेला रुग्ण नंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या संसर्गाला सहज बळी पडतो, त्याचं एक कारण या थंडपणात शोधलं जातं.

उलट बाजूला बीसीजी, म्हणजे क्षयाची लस. नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं की लस दिल्यावर तीन महिन्यांनीही स्वयंसेवकांच्या मोनोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या श्वेतपेशी) क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही जास्त जोरदार प्रतिसाद देत होत्या आणि त्यांच्या हिस्टोनांवर 'वाचायला तयार' अशा खुणा होत्या. मोनोसाइट रक्तात काही दिवसच जगते, मग आठवण महिनोन्‌महिने कशी टिकली? नंतरच्या कामातून उत्तर आलं की खुणा अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर उमटतात. भारतात बीसीजी जन्मतःच देतात. पण यावरून प्रौढांनी पुन्हा बीसीजी घ्यावी असं निघत नाही: आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत तिनं कोविडपासून संरक्षण दिलं नाही, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

रिपोर्टमधली सीआरपी जनुकांबद्दल काही सांगते का?

अगदी थेट. मॅक्रोफेजनी सोडलेलं इंटरल्यूकिन-६ यकृतात पोचतं, तिथे जॅक-स्टॅटच्या रस्त्यानं सीआरपीचं, म्हणजे दाहात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचं, जनुक चालू होतं. निरोप मिळाल्यावर सुमारे सहा तासांत पातळी चढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते, गंभीर जिवाणू संसर्गात हजार पटीपर्यंतही. रक्तात तिचं अर्धायुष्य जवळजवळ १९ तास आणि ते बदलत नाही. त्यामुळे पातळी म्हणजे यकृत आत्ता किती बनवतंय याचं माप. ताप आल्याच्या तिसऱ्या तासाला काढलेली सीआरपी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नये.

स्टिरॉइड नेमकं काय करतं?

जनुकांवरच काम करतं, म्हणून शिरेतून दिलं तरी पूर्ण परिणाम दिसायला काही तास लागतात. रेणू पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतो, ग्राहीला भेटतो आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. तिथे ते दोन कामं करतात: वर सांगितलेल्या ब्रेकांपैकी टीटीपीसारख्यांची जनुकं चालू करतात, आणि एनएफ-कॅपा-बी जिथे बसलेलं असतं तिथे जाऊन त्याचं काम दाबतात.

दुष्परिणामही याच यंत्रणेतून येतात. यकृतात तोच ग्राही साखर बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो, म्हणून साखर वाढते. मेंदूतल्या पिट्यूटरीत तो एसीटीएचचं (अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचं) जनुक दाबतो, म्हणून बरेच आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी ही मूत्रपिंडावरची ग्रंथी झोपलेलीच राहते आणि रक्तदाब कोसळू शकतो. ती उतरत्या मात्रेनंच थांबवायची.

वेळेचं महत्त्व कोविडनं आकड्यांत दाखवलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. २०२१ च्या लाटेत आपल्याकडे घरी असलेल्या, ऑक्सिजन ठीक असलेल्या रुग्णांनाही स्टिरॉइड दिलं गेलं. ताबा सुटलेला मधुमेह आणि स्टिरॉइड या जोडीनं म्युकरमायकोसिसला (काळ्या बुरशीच्या आजाराला) कशी वाट करून दिली हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

बायोलॉजिक इंजेक्शनआधी टीबीची तपासणी कशाला?

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींत बनवलेली प्रथिन-औषधं. त्यांतली इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं टीएनएफला रक्तात आणि ऊतींत पकडतात, जनुकाला हात लावत नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी ती पहिल्यांदा मंजूर झाली. पण क्षयाचे जंतू फुप्फुसात गाठीच्या आत कोंडून ठेवायला टीएनएफच लागतो. तो काढून घेतला की वर्षानुवर्षं सुप्त असलेला क्षय उठतो. २००१ मध्ये याची स्पष्ट सूचना आली. भारतात सुप्त क्षय किती पसरलेला आहे हे पाहता ही तपासणी टाळण्याजोगी नाही.

टोफासिटिनिबसारख्या जॅकरोधक गोळ्या (अमेरिकेत २०१२ पासून) स्टॅटचा रस्ता अडवतात. त्यांत नागीण उठण्याचा धोका वाढतो, कारण विषाणूविरोधी इंटरफेरॉनही त्याच रस्त्यानं जातो.

एवढा एनएफ-कॅपा-बी महत्त्वाचा, तर त्याच्यावरच औषध का नाही?

प्रयत्न खूप झाले. अडचण अशी की हे प्रथिन पेशीला जिवंतही ठेवतं. त्याचा मुख्य घटक पी६५ नसलेले उंदीर गर्भातच यकृताच्या पेशी मरून जातात. शिवाय ते बंद केलं की ब्रेकांची जनुकंही बंद होतात. म्हणून औषधं त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे नेम धरतात.

हळद दाह कमी करते ना?

काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की एनएफ-कॅपा-बी दबतं, हे १९९५ मध्येच प्रसिद्ध झालं. त्या एका निष्कर्षावर मोठा बाजार उभा आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनानं सुमारे ३ टक्के, त्यातलं रक्तात पोचतं अगदी नगण्य. मिरीतलं पायपेरीन शोषण वाढवतं हे खरं, पण ते यकृतात इतर औषधांचा निचराही अडवतं, आणि अशा जोड-गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीत, दुधात हळद खुशाल घाला. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सोडून हळदीच्या कॅप्सूल घेणं म्हणजे सांधे गमावणं.

तापात पॅरासिटामॉल घेतलं तर प्रतिकारशक्ती दबते का?

नाही. सायटोकाइनांमुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन वाढतं आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल त्या शेवटच्या टप्प्यावर काम करतं. मॅक्रोफेजमध्ये चालू झालेली जनुकं चालूच राहतात.

मुलाला दर काही आठवड्यांनी ताप येतो, जंतू सापडत नाही. जनुकात दोष असेल का?

बहुतेक वेळा नसतो. पाळणाघरात जाणारं मूल वर्षातून अनेकदा विषाणूंनी आजारी पडतं. ताप अगदी ठरावीक अंतरानं येत असेल, सोबत घसा, तोंडातले छाले, मानेतल्या गाठी असतील तर पीएफएपीए हा आजार असू शकतो. त्यामागे एखादं ठरलेलं जनुक सापडलेलं नाही आणि मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. एका जनुकाचे आजार विरळा: भूमध्यसागरी कौटुंबिक ताप (त्याचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, कोल्चिसिननं तो आटोक्यात राहतो), वर आलेला ए२० चा आजार, आणि असे आणखी काही. जनुकचाचणी महाग असते आणि तिचा निष्कर्ष नेहमी स्पष्ट येत नाही, म्हणून तिच्याआधी तापाची वही ठेवा. तारीख, किती चढला, किती दिवस टिकला, पुरळ, छाले, पोटदुखी, सांधे. एक सीआरपी तापात आणि एक मूल पूर्ण बरं असताना करून घ्या. मधल्या काळातही ती चढलेलीच असेल, तर बालसंधिवाततज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका.